एक स्वर, दोन वादक

आज ज्या संगीताविषयी मी बोलणार आहे, त्याचा उल्लेख आपल्यापैकी अनेकांच्या घरांत फारशा आदराने होत नाही. त्याचे नाव हार्ड रॉक. वडीलधाऱ्यांच्या मते तो निव्वळ गोंगाट होय. तरुणांना त्याची चिकित्सा करण्याचे कारणच दिसत नाही; ते मोठ्या आवाजात ऐकावे आणि आनंद घ्यावा, एवढेच त्यांना पुरेसे वाटते. दोन्ही पक्षांचे एरवी कितीही वैर असले, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: ह्या संगीतात पारखून घेण्याजोगे काही नाही. ही समजूत कितपत खरी आहे, हे दोन वादकांच्या उदाहरणाने तपासून पाहावे, असा आजचा हेतू आहे.

पहिला वादक टोनी आयोमी. तो बर्मिंगहॅमचा, 'ब्लॅक सॅबथ' ह्या चौघांच्या संचातील गिटारवादक. दुसरा रिची ब्लॅकमोर. तो प्रथम 'डीप पर्पल'मध्ये होता आणि १९७५ मध्ये त्याने 'रेनबो' हा स्वतःचा संच उभारला. ब्लॅकमोरचा जन्म १९४५ चा, आयोमीचा १९४८ चा. दोघेही युद्धोत्तर इंग्लंडातील साध्या घरांतले. दोघांनाही बालपणी 'शॅडोज' ह्या संचातील हँक मार्व्हिनच्या गिटारीची भुरळ पडली होती. आणि १९७० ह्या एकाच वर्षी दोघांच्याही अशा ध्वनिमुद्रिका निघाल्या की, पुढील पिढीतील बहुतेक गिटारवादकांनी त्यांच्यापुढे बसून धडे गिरवले.

इतके साम्य असूनही ह्या दोघांचे वादन सरावलेल्या कानाला दोनचार स्वरांतच वेगळे ओळखू येते. ही भिन्नता आली कोठून? त्याचे एक रूढ उत्तर आहे. आयोमीच्या बोटांची टोके कारखान्यात तुटली, म्हणून त्याचे वादन जड झाले. ब्लॅकमोरला लहानपणी शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले, म्हणून त्याचे वादन चपळ झाले. हे उत्तर ऐकावयास सोपे आणि गोष्टीसारखे गोड आहे. माझ्या मते ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे शोधण्यासाठी प्रथम वाद्याकडे थोडे वळावे लागेल.

विजेच्या गिटारीत तारांच्या खाली चुंबक आणि तारेची वेटोळी बसविलेली असतात. लोखंडी तार हलली की त्या वेटोळ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर काम दिले की आवाज खरखरीत होतो. पण त्याबरोबरच एक लाभ होतो. स्वर लवकर विरत नाही. साध्या गिटारीचा स्वर छेडताक्षणी ओसरू लागतो; ह्या गिटारीचा स्वर सारंगीच्या स्वरासारखा टिकतो, खेचता येतो, कापवता येतो. मात्र एक अडचण उद्भवते. ह्या खरखरीत आवाजात तीनचार भिन्न स्वर एकदम वाजविले, तर ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. विशेषतः गंधार त्यात नीट बसत नाही. म्हणून हार्ड रॉकचे वादक गंधार गाळून केवळ षड्ज आणि पंचम हीच जोडी एकत्र छेडतात. गंधार नसल्यामुळे ती जोडी आनंदी आहे की उदास, हे कळत नाही; तिच्यात फक्त बळ असते.

अशा जोड्यांनी बांधलेल्या लहानशा स्वरवाक्याला ह्या मंडळींच्या भाषेत 'रिफ' म्हणतात. आपल्या चीजेचा मुखडा जसा फिरून फिरून समेवर येतो, तसा रिफ फिरून फिरून येतो आणि सारे गीत त्याच्या आधाराने उभे राहते. हार्ड रॉकमध्ये वादकाची परीक्षा प्रथम रिफमध्ये होते. तानबाजीचा प्रश्न नंतरचा.

आता दोघांच्या जडणघडणीकडे पाहू. ब्लॅकमोर अकरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली, ती अशा अटीवर की वाद्य नीट गुरूकडून शिकले पाहिजे. सुमारे एक वर्ष तो पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने शिकला. वर्ष म्हणजे काही मोठा काळ नव्हे. परंतु तेवढ्यात त्याला एक गोष्ट लाभली. डाव्या हाताची चारही बोटे, करंगळीसुद्धा, सारख्या योग्यतेने कामाला लावण्याची सवय जडली. स्वतःच्याच कानाने शिकलेले त्या काळातले पुष्कळ वादक करंगळीला विश्रांती देत असत. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रेडिओ दुरुस्तीच्या कामावर उमेदवार म्हणून लागला, आणि लवकरच ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून मोलाने वाजवू लागला. निर्माता जो मीक ह्याच्याकडे त्याने अशी पुष्कळ कामे केली. आज ह्या गायकासाठी वाजवावयाचे, उद्या त्या गायकासाठी. चुकले तर मुद्रण थांबते आणि पैसा वाया जातो. अशा शाळेत हात स्वच्छ होतो. १९६८ मध्ये 'डीप पर्पल' स्थापन झाले, तेव्हा तो पुरता तयार झालेला वादक होता.

आयोमीची कथा वेगळी. त्याचे घराणे मूळचे इटलीतले. घरात अकॉर्डियन वाजविण्याची प्रथा होती, आणि तोही आधी तेच वाजवीत असे. तो डावखुरा, म्हणजे इतर वादक उजव्या हाताने तार छेडतात, तेथे हा डाव्या हाताने छेडतो, आणि उजव्या हाताची बोटे पडद्यांवर ठेवतो. सतराव्या वर्षी तो बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. एका संचाबरोबर परदेश दौऱ्यावर जाण्याचे ठरले होते, म्हणून त्याने नोकरी सोडली. तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवावयास घरी आल्यावर त्याला परत जाऊ नये असे वाटले. पण हाती घेतलेले काम पुरे करून ये, असे आईने सांगितले. त्या दिवशी पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचा नेहमीचा कामगार आला नव्हता, म्हणून ह्याला तेथे उभे केले. यंत्र खाली आले, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची, म्हणजे मध्यमा आणि अनामिका ह्यांची, टोके गेली. वैद्यांनी गिटार विसरण्याचा सल्ला दिला.

त्यानंतर कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला एक ध्वनिमुद्रिका ऐकावयास आणून दिली. ती जँगो राइनहार्ट ह्याची होती. १९२८ मध्ये जँगोच्या राहत्या गाडीला आग लागून त्याचा डावा हात भाजला, आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. तरीही १९३४ पासून पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली ह्याच्याबरोबर त्याने जे वादन केले, त्याने युरोपातील जॅझला स्वतःचा आवाज दिला. ती मुद्रिका ऐकून आयोमीने पुन्हा गिटार उचलली. भांडी घासण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने दोन अंगुस्ताने घडविली, बोटांना बसतील अशी तासली, आणि तार निसटू नये म्हणून त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटविले. जाड तारा त्या बोटांनी दबत नव्हत्या. पातळ तारांचे संच तेव्हा बाजारात सहज मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा गिटारीवर चढविल्या.

येथपर्यंतची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष जरा तपासू या. जँगो आणि आयोमी ह्या दोघांनाही जवळजवळ सारखीच इजा झाली होती. प्रत्येकाची दोन बोटे गेली. जँगोने उरलेल्या बोटांनी काय केले? दांडीवर वरखाली विजेसारखी धाव घेतली; त्याचे वादन हलके, खेळकर आणि अत्यंत द्रुत आहे. आयोमीने काय केले? तो सावकाश, मंद्रात आणि दोनच स्वरांच्या जोडीने वाजवू लागला. उणीव सारखी आणि फळ अगदी उलट. तेव्हा केवळ इजेमुळे शैली जन्माला येते, हे म्हणणे टिकत नाही. इजेने काही वाटा बंद केल्या, एवढेच. उघड्या राहिलेल्या वाटांतून कोणती धरावयाची, हे त्या त्या वादकाच्या कानाने ठरविले.

ब्लॅकमोरच्या बाबतीतही हेच दिसते. वर्ष दोन वर्षे अभिजात गिटार शिकलेली मुले इंग्लंडात काही थोडी नव्हती. त्यांतला ब्लॅकमोर एकच झाला.

आता प्रत्यक्ष वादन पाहू. त्यासाठी मी दोन रिफ निवडले आहेत, आणि सुदैवाने ते दोन्ही एकाच षड्जावर उभे आहेत. पाश्चात्त्य भाषेत तो षड्ज 'जी' हा स्वर होय.

पहिला रिफ 'ब्लॅक सॅबथ' ह्या संचाच्या त्याच नावाच्या पहिल्या मुद्रिकेतील, त्याच नावाच्या गीताचा. ही सारी मुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला एका दिवसात मुद्रित झाली, आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. आरंभी पावसाचा आवाज, दूरवर घंटा, आणि मग गिटार. रिफमध्ये तीनच स्वर आहेत: मंद्र षड्ज, त्याच्या वरचा षड्ज, आणि मग उतरून तीव्र मध्यम. त्या तीव्र मध्यमावर आयोमी थांबतो. त्याला कापवतो. त्याची सुटका करीत नाही. ऐकणाऱ्याला वाटते की, आता हा स्वर पंचमावर चढेल किंवा शुद्ध मध्यमावर उतरेल. पण आवर्तन संपते आणि पुन्हा मंद्र षड्जाचा आघात होतो. प्रश्न विचारावा आणि उत्तर न देता तोच प्रश्न फिरून विचारावा, असा हा प्रकार आहे.

दुसरा रिफ 'डीप पर्पल'च्या 'स्मोक ऑन द वॉटर' ह्या गीताचा; १९७२ च्या 'मशीन हेड' ह्या मुद्रिकेतला. त्याचा जन्म स्वित्झर्लंडातील माँत्रो गावी झाला. ४ डिसेंबर १९७१ रोजी तेथील कॅसिनोत फ्रँक झापा ह्याचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतील कोणी तरी छताकडे ज्योतीचे पिस्तूल झाडले आणि इमारत जळून गेली. 'डीप पर्पल'चे मुद्रण तेथेच व्हावयाचे होते. सरोवरावर पसरलेला तो धूर पाहून गीताचे नाव सुचले. ह्या रिफमध्ये गिटार प्रथम एकटीच येते. स्वर असे: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पुन्हा षड्ज, कोमल गंधार, तीव्र मध्यम, आणि लगेच शुद्ध मध्यम. तिसऱ्या वेळी पहिले तीन स्वर, आणि शेवटी कोमल गंधारावरून षड्जावर विश्रांती.

श्रोतेहो, तीव्र मध्यम दोन्हीकडे आहे. ज्या स्वरावर आयोमी ठाण मांडून बसतो, त्याच स्वराला ब्लॅकमोर निमिषभर स्पर्श करतो आणि तत्क्षणी खाली उतरतो. एकाने त्या स्वराचे ओझे केले, दुसऱ्याने त्याची ठिणगी केली. दोघांच्या शैलीतील सारा भेद ह्या एका स्वराच्या वागवणुकीत सामावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक बारकावा आहे. आयोमीच्या बहुतेक रिफांत षड्ज खाली आणि पंचम वर अशी जोडी असते. शाबूत राहिलेली तर्जनी षड्जावर आणि करंगळी पंचमावर, असा हा मजबूत पाया. ब्लॅकमोरने 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये तीच जोडी उलटी केली: पंचम खाली, षड्ज वर. स्वर तेच, पण पाया निसटल्यामुळे जोडी अधांतरी झाली, तिला पुढे सरकण्याची ओढ लागली. शिवाय त्याने तेथे नखी बाजूला ठेवली आणि दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम उपटल्या, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी उमटतात. अभिजात गिटार शिकलेल्या हाताची ही खूण आहे. पण पाहा, हा रिफ इतका सोपा आहे की गिटार हाती धरणारा प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात तोच वाजवतो. उत्तम शिक्षण मिळालेल्या वादकाने आपली सर्वांत नामांकित रचना चार निराळ्या स्वरांत बसविली. म्हणजे शिक्षणाचाही उपयोग त्याने कानाला विचारूनच केला.

तीव्र मध्यमाचा विषय निघालाच आहे, तर एका प्रवादाचा परामर्श घेणे मला, कॅथलिक म्हणून, अगत्याचे वाटते. षड्ज आणि तीव्र मध्यम ह्यांच्यामधील अंतराला पाश्चात्त्य संगीतशास्त्रात 'संगीतातील सैतान' अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. त्यावरून अशी कथा प्रचलित आहे की, मध्ययुगात चर्चने हे अंतर निषिद्ध ठरविले होते, ते वाजविणाऱ्यास शिक्षा होत असे, आणि आयोमीने तो निर्बंध मोडला. ह्या शिक्षेला इतिहासाचा आधार नाही. जुने गायक हे अंतर टाळीत हे खरे, पण ते गळ्याला अवघड आणि कानाला कठोर म्हणून. सैतानाचे ते नाव छापील ग्रंथांत दिसते ते पुष्कळ उशिरा. १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योहान योझेफ फुक्स ह्याच्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात ते आहे, आणि तेथेही तो विद्यार्थ्यांना दिलेला इशारा आहे. आपल्याकडे तर यमनात तीव्र मध्यम सायंकाळची शोभा वाढवितो. मग स्वर दोषी कसा म्हणावा? भय आहे ते आयोमीच्या मंद गतीत, त्या न सुटणाऱ्या थांब्यात.

ह्या संचाची गीते लिहिणारा गीझर बटलर हा स्वतः कॅथलिक घरात वाढलेला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ह्या मुद्रिकेतील त्याचे 'आफ्टर फॉरएव्हर' हे गीत ईश्वरावरील श्रद्धेची उघड बाजू घेते, आणि १९७० चे 'वॉर पिग्ज' युद्ध पेटविणाऱ्या सत्ताधीशांना धारेवर धरते. मुखपृष्ठावरील काळोख पाहून ज्यांनी ही मुद्रिका मुलांच्या हातून काढून घेतली, त्यांनी ती एकदा ऐकावयास हवी होती. त्या संगीतातील भीती खरी आहे. पण ती भीती वाटणाऱ्याची आहे, घालणाऱ्याची नव्हे.

रिफवरून आता विस्ताराकडे येऊ. ब्लॅकमोरच्या शेजारी 'डीप पर्पल'मध्ये जॉन लॉर्ड हा अभिजात शिक्षण घेतलेला ऑर्गनवादक होता. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने रॉक संच आणि सिंफनी वाद्यवृंद ह्यांच्यासाठी रचलेला कंचेर्टो सादर झाला. ब्लॅकमोर त्यात वाजला खरा, पण त्याचे मन रमले नाही. संचाने पुढे जोरकस रॉकच वाजवावे, असा त्याचा आग्रह पडला, आणि १९७० चे 'इन रॉक' हे त्याचे फळ. तरीही लॉर्डचा ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार ह्यांची जुगलबंदी शेवटपर्यंत चालली. ऑगस्ट १९७२ मध्ये जपानात मुद्रित झालेल्या 'मेड इन जपान' ह्या मुद्रिकेत ती उत्तम ऐकावयास मिळते: एकाने वाक्य टाकावे, दुसऱ्याने ते उचलावे, पालटावे, परत करावे. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर वादकाला तरतरीत राहावेच लागते.

'हायवे स्टार' ह्या गीतातील त्याचा एकल भाग ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. रॉकमध्ये एकल भाग सहसा उत्स्फूर्त असतो. हा भाग ब्लॅकमोरने अगोदर स्वर न् स्वर बसवून ठेवला होता, आणि त्याखालील स्वरसंघांची चाल आपण बाखच्या धर्तीवर योजली, असे त्याने सांगितले आहे. त्यात दोन गिटारी एकमेकींस धरून धावतात. गती मोठी आहे. पण प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, आणि प्रत्येक वाक्याला कोठे पोहोचावयाचे हे ठाऊक आहे. आपल्या वाद्याच्या दांडीवरील पडद्यांमधील लाकूडही त्याने कोरून खोलगट करून घेतले होते. सतारीवर जशी पडद्यावर तार खेचून मींड घेता येते, तशी सोय त्यामुळे थोडीफार गिटारीवर झाली.

आयोमीच्या संचात ऑर्गन नव्हता. एक गिटार, एक बास, ढोल, आणि गायक ऑझी ऑझबर्न. एवढ्या सामग्रीने पोकळी भरावयाची होती. म्हणून बटलरची बास पुष्कळदा गिटारीच्याच रिफला खालून धरून चालते, आणि ऑझीचा गळाही कधी त्याच स्वरांवर चालतो. 'आयर्न मॅन'मध्ये हे स्पष्ट ऐकू येते. जुगलबंदीच्या जागी येथे दिंडीसारखी एकत्र चाल आहे. सर्वांचे पाऊल एकदम पडते. आयोमी एकल भाग वाजवितो तेव्हा पाच स्वरांचीच सरगम बहुधा पुरेशी मानतो, आणि 'वॉर पिग्ज'मध्ये तर एकाच वाक्यावर दुसऱ्या गिटारीचा थर चढवून तो ते वाक्य रुंद करतो. ब्लॅकमोर रेषा काढतो. आयोमी भिंत बांधतो.

आणि ही भिंत त्याने जाणून बांधली, ह्याचा पुरावा तारखांत आहे. पहिल्या मुद्रिकेत त्याची गिटार नेहमीच्या सुरात लावलेली होती. पुढच्याच वर्षी, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये, काही गीतांसाठी त्याने सर्व तारा दीड स्वर खाली उतरविल्या. तारा सैल झाल्या की दुखऱ्या बोटांना आराम मिळतो, हे एक कारण होतेच. पण बटलरनेही आपली बास तितकीच उतरविली, आणि बटलरच्या बोटांना तर काही झाले नव्हते. आराम मिळाला तेवढ्यावर आयोमी थांबला नाही. सैल तारेचा जो खोल, घोगरा आवाज कानी आला, तो त्याने ओळखला, त्याला पटला, आणि त्याने साऱ्या संचाला त्या आवाजात उतरविले. पुढील काळात 'हेवी मेटल' ह्या नावाने जे संगीत जगभर पसरले, त्यातील असंख्य वादकांची दहाही बोटे धड असताना ते तारा उतरवून वाजवितात.

दोघांचा स्वभावही वादनात उतरला होता. ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील ऑन्टारियो येथे एका प्रचंड मेळाव्यात दोन्ही संच एकाच रंगमंचावर येऊन गेले. 'डीप पर्पल'च्या वेळी ब्लॅकमोरने गिटारीच्या घावाने चित्रवाणीचा कॅमेरा फोडला, आणि पेट्रोल ओतलेल्या ध्वनिवर्धकाचा स्फोट झाला. आयोमी मात्र रंगमंचावर बहुधा एका जागी उभा राहून शांतपणे वाजविणारा वादक. गंमत अशी की, ज्याचे संगीत अधिक भयंकर तो मनुष्य अधिक स्वस्थ.

दोन शैलींची तुलना करावयाची तर मधला घटक एक असावा लागतो, आणि तोही इतिहासाने पुरविला. रॉनी जेम्स डिओ हा गायक १९७५ ते १९७९ पर्यंत ब्लॅकमोरबरोबर 'रेनबो'त गायला, आणि लगेच आयोमीकडे गेला. १९७६ चे 'रेनबो'चे 'स्टारगेझर' आणि १९८० चे 'ब्लॅक सॅबथ'चे 'हेवन अँड हेल' पाठोपाठ ऐकावे. गळा एकच. 'स्टारगेझर'मध्ये ब्लॅकमोरची चाल पौर्वात्य वळणाची, आणि तिच्या मागे म्युनिकचा सिंफनी वाद्यवृंद. डिओचा स्वर त्या चालीच्या पाठीमागे वर वर चढत जातो. 'हेवन अँड हेल'मध्ये गायन चालू होताच आयोमी जवळजवळ सारे काढून घेतो. खाली बासची संथ चाल उरते, आणि त्या मोकळ्या जागेत तोच गळा धीरगंभीर होतो. गिटारवादक पालटला की गायकाचे चारित्र्य पालटते, हे येथे कानाने पडताळून घेता येते.

पुढे १९८३ मध्ये 'डीप पर्पल'चा गायक इयन गिलनही काही काळ 'ब्लॅक सॅबथ'मध्ये आला. त्याच्याबरोबरच्या दौऱ्यात आयोमी कार्यक्रमाच्या अखेरीस 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवीत असे. आणि डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला, तेव्हा पीडितांच्या साहाय्यासाठी १९८९ मध्ये इंग्लंडातील रॉक कलावंतांनी हेच गीत नव्याने मुद्रित केले. त्यात आयोमीही वाजला, ब्लॅकमोरही वाजला. जे दोघे एकाच स्वराला इतके निरनिराळे वागवीत आले होते, ते त्या निमित्ताने एका गीतात आले.

त्यानंतरच्या वाटा त्यांच्या त्यांच्या स्वभावानुरूप गेल्या. ब्लॅकमोर शिक्षणाच्या मूळ झऱ्याकडे परतला. १९९७ पासून तो पत्नी कँडिस नाइट हिच्याबरोबर 'ब्लॅकमोर्स नाइट' ह्या संचात, मुख्यतः बिनविजेच्या वाद्यांवर, प्रबोधनकाळाच्या वळणाचे संगीत वाजवू लागला. आयोमी आपल्या भिंतीपाशीच राहिला. २०१२ मध्ये त्याला रक्ताशी संबंधित कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार घेत घेत त्याने मुद्रण केले, दौरे केले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्मिंगहॅमलाच निरोपाचा कार्यक्रम केला. ५ जुलै २०२५ रोजी मूळचे चौघे त्याच शहरात, ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर, अखेरचे एकत्र वाजले. ऑझी त्याच महिन्याच्या २२ तारखेस निवर्तला.

श्रोतेहो, आयोमीच्या अपघाताची गोष्ट शाळांतून स्फूर्तिकथा म्हणून सांगण्याजोगी आहे, आणि सांगितली जाते. तिचा उत्तरार्धही मुलांना सांगितला पाहिजे, अशी माझी विनंती आहे. नुसता पूर्वार्ध सांगितला तर ज्याला उणीव आहे त्याला वाटते की, ती आपोआप फळ देईल. आणि ज्याला शिक्षणाची सोय आहे त्याला वाटते की, शिक्षण आपोआप फळ देईल. दोघेही फसतात. अंगुस्ताने घडविल्यावर आयोमीने वर्षानुवर्षे ऐकले: ही तार जड आहे, ही हलकी आहे, हा आवाज माझा नव्हे, हा मात्र माझा. वडिलांनी घातलेली अट पाळून शिकलेल्या ब्लॅकमोरनेही तेच केले. शिकलेल्यातले काय ठेवावयाचे आणि काय बाजूस सारावयाचे, हे त्याने ऐकून ठरविले. हातांना काय शक्य आहे ते दैव आणि गुरू ठरवितात. शक्य असलेल्यांतून काय वाजवावयाचे ते वादकाला स्वतः ठरवावे लागते, आणि तो भार दुसरा कोणी उचलू शकत नाही.

ज्यांच्या घरी हे संगीत वाजत असेल, त्यांनी आज एवढेच करावे. घरातील तरुणाजवळ बसून ते दोन रिफ एकापाठोपाठ एक वाजवावयास सांगावे, आणि तीव्र मध्यम येईल तेथे कान द्यावा. एक वादक तेथे थांबेल, दुसरा निघून जाईल. आपल्याला कोणता पटला, हे मग त्या तरुणाला सांगावे, आणि त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे.